बिनखुणेचा पाव

मंगळवारी सकाळी पिठाचा गोळा न भाजताच परत आला. भट्टीवाल्या टपरच्या बायकोने तो स्वतः आणला, आमच्याच लाकडी ताटलीत, आमच्याच फडक्याखाली, आणि पायरीवर ठेवून म्हणाली, "मिस्टर लडलम, खूण तेवढी बदला." एवढंच बोलली. पुढे काही विचारावं तर पदर झटकल्यासारखा एप्रन झटकून ती चालायला लागली होती. फडकं उचललं तर गोळा नको इतका फुगून मग मधोमध बसला होता. आंबूस वास येत होता. वरचा क्रूस, म्हणजे सुरीने एकावर एक आडवे-उभे मारलेले दोन छेद, पसरून इतका रुंद झाला होता की गल्लीच्या टोकावरूनही दिसला असता. आमच्या गल्लीत घरची भट्टी कोणाकडेच नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सगळ्यांचे गोळे टपरकडे जातात आणि आपापला पाव ओळखू यावा म्हणून प्रत्येक घर आपली खूण करून देतं. कोणी तीन भोकं पाडतं, कोणी नावाचं पहिलं अक्षर कोरतं. क्रूस निम्म्या गल्लीचा होता. चांगल्या प्रोटेस्टंट बाया, रविवारी पहिल्या बाकावर बसणाऱ्या, आया करत आल्या म्हणून करायच्या. सैतान पिठात शिरत नाही म्हणायच्या आणि हसायच्या. पण गेल्या महिन्यात पोपवाल्यांच्या, म्हणजे कॅथलिकांच्या, कटाची जबानी घेणाऱ्या मॅजिस्ट्रेटचं प्रेत खंदकात सापडलं, त्यांनीच मारलं असं ज्याच्या त्याच्या तोंडी झालं, आणि एका आठवड्यात गल्लीतले सगळे क्रूस गेले. त्यांची अक्षरं झाली, भोकं झाली. आमचा तेवढा उरला, आणि तो उरलाय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. पन्नास वर्षं जो पाव रोज खाल्ला त्याच्या पाठीकडे कोण बघतो?

विनीने गोळ्याला नाक लावलं. "आंबलं," म्हणाली. "तव्यावर थापून टाकते. तू जा, उशीर होईल." का परत आला हे तिने विचारलं नाही. विनिफ्रेड, म्हणजे विनी, आमच्या घरी आली तेव्हा मी तीन वर्षांचा होतो आणि माझी आई गेल्याला आठ दिवस झाले होते. ती लँकाशायरकडची, बाविशीची, थोराड हातांची. त्या बाजूची माणसं जुन्या धर्माला चिकटून असतात हे माझ्या वडिलांना माहीत नसेल असं नाही, पण मूल रात्रंदिवस रडत होतं आणि हिच्याकडे गेल्यावर गप्प झालं, तेव्हा वडिलांनी काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं नाही म्हणून मीही कधी विचारलं नाही. आमच्या घरात हा न विचारण्याचा रिवाज पन्नास वर्षं चालला. माझं लग्न झालं, बायको गेली, वडील गेले, घर बदललं, रिवाज तसाच राहिला. ती रविवारी माझ्याबरोबर चर्चला यायची, मागे खांबाशी उभी राहायची, प्रभुभोजनाच्या वेळी तिला नेमका खोकला यायचा आणि ती बाहेर जायची. लोकांना वाटायचं, म्हातारीची छाती खराब आहे. मलाही तसंच वाटायचं, किंवा तसं वाटून घ्यायला मला सोपं जायचं. आता ती त्र्याहत्तरची आहे. गुडघे गेलेत. जिना चढताना प्रत्येक पायरीला मरियेचं नाव घेते, पण पुटपुटत, त्यामुळे ते नुसतं कण्हणंही असू शकतं.

रस्त्यावर आल्यावर मला कशाचाच उत्साह राहिला नाही. एरवी घर ते पार्लमेंट हा रस्ता मी डोळे मिटून जाऊ शकतो. आता प्रत्येक नाक्याला साखळ्या टांगल्या होत्या, संध्याकाळी त्या ओढायच्या, घोडेस्वार आत येऊ नयेत म्हणून. कुठले घोडेस्वार, तर पोपवाल्यांचे. माझ्या एका आयुष्यात पोपवाले तीनदा येणार होते. मी सतरा वर्षांचा असताना आयर्लंडातून येणार होते, तेव्हा वडिलांनी दार आतून फळ्या ठोकून बंद केलं होतं आणि विनीनेच खिळे धरले होते. मग लंडनला मोठी आग लागली त्या वर्षी फ्रान्समधून येणार होते. तेव्हा आम्ही सिटीत, जुन्या तटाच्या आत, राहायचो. घर जळालं, बोचकी घेऊन आम्ही इझ्लिंग्टनच्या शेतात जाऊन पडलो, आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोणीतरी ओरडलं, पन्नास हजार पोपवाले चालून येतायत, त्यांनीच आग लावली. सगळं शेत उठलं. ज्याला जे मिळेल ते त्याने हातात घेतलं. विनीनेही बोचक्याची काठी उपसली, माझ्यापुढे येऊन उभी राहिली आणि अंधारात डोळे ताणून म्हणाली, "कुठल्या बाजूने येतायत रे?" तिच्या मनात खरंच भीती होती. मी तेव्हा हसलो नाही. आज चालताना हसू आलं, आणि हसताना कोणी बघत नाही ना म्हणून मी मागे वळून पाहिलं. त्या शेतात लोकांनी एका फ्रेंच सुताराला मारलं होतं. त्याच्याजवळ रंधा होता, लोकांना ते काहीतरी वेगळंच हत्यार वाटलं.

मी वरच्या सभागृहाच्या कारकुनांच्या खोलीत चर्मपत्रावर शुद्ध प्रत उतरवतो. एकतीस वर्षं. राजे बदलले, मध्यंतरी राजा नव्हताच, पण शुद्ध प्रत लागतच होती. माझ्या अक्षरात देशाचे किती कायदे आहेत कोण जाणे. आमच्या खोलीत कोणी विधेयक वाचत नाही. हात वाचतो, आपण दुसरीकडे असतो. हे नवं विधेयक मात्र हाताला वाचता येत नव्हतं, कारण त्यातला मजकूर मला आधीच पाठ होता. कोणाही पोपवाल्याला कुठल्याच सभागृहात बसता येऊ नये म्हणून प्रत्येक सभासदाने उभं राहून जे म्हणायचं होतं, त्यातलं निम्मं आम्हा नोकरदारांकडून पाच वर्षांपूर्वीच म्हणवून घेतलं होतं. प्रभुभोजनाच्या पावाचं प्रभूच्या देहात रूपांतर होत नाही असं मी मानतो. आता त्याला मरिया आणि संत जोडले होते, आणि मिस्सा, म्हणजे पोपवाल्यांची उपासना, ही मूर्तिपूजा आहे असं स्वच्छ लिहिलं होतं. पावाचं काय होतं आणि काय होत नाही यावर सबंध राज्य ठरणार होतं. ज्याला नोकरी हवी, ज्याला बाकावर बसायचंय, त्याने पावाबद्दल बोलून दाखवायचं. मंगळवारचा दिवसभर मी हे उतरवत होतो आणि माझ्या नाकातून आंबलेल्या पिठाचा वास जात नव्हता.

पाच वर्षांपूर्वी माझी पाळी आली तो रविवार आठवला. नियम असा होता की आपल्या चर्चमध्ये सगळ्यांदेखत प्रभुभोजन घ्यायचं, पाद्री आणि चर्चच्या पंचाने लिहून द्यायचं, दोन साक्षीदारांनी ते पाहिलं म्हणून सांगायचं, आणि मग तो कागद कोर्टात नेऊन वरची शपथ घ्यायची. असे कागद त्या महिन्यात लंडनभर फिरत होते. जकातवाले, शिपाई, राजाचे आचारी, सगळे रांगेत उभे राहून खात होते. पंच नावं घेऊन खुणा करत होता. मला त्यात काही वाटत नव्हतं. मी प्रोटेस्टंटच आहे, जितका कोणीही असतो तितका. त्या सकाळी विनीने माझा गळपट्टा इस्त्री केला होता. मी सवयीने न्याहरीला बसलो तर ताट रिकामं. "उपाशीपोटी जा," ती म्हणाली. मी म्हटलं, आमच्यात असं काही नसतं. ती म्हणाली, "नसेल. पण तोंडात देव घ्यायचा तर पोटात आधी बीअर असू नये. तुमचा असला तरी देवच आहे की तो." आणि मी खरंच उपाशी गेलो. पोपवाला नाही हे सिद्ध करायला मी पोपवाल्यांचा उपास करून गेलो. ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं घरात कोणी नव्हतं, आणि जिला सांगावी तिला माहीतच होती.

बुधवारी फेल्थमसाहेबांनी मला बोलावलं. ते आमचे वरिष्ठ, माझ्याहून बारा वर्षांनी लहान, सभ्य माणूस, अक्षर मात्र कावळ्याच्या पायासारखं. त्यांनी हातात एक मसुदा दिला. राजाच्या भावाचा अपवाद. विधेयकात जे जे म्हटलंय त्यातलं काहीही राजाच्या सख्ख्या भावाला लागू होणार नाही. तो जुन्या धर्मात गेलाय हे बाजारातल्या कोळिणींना ठाऊक होतं, पण कायद्यात तसं लिहिता येत नव्हतं, तेव्हा नुसतंच, लागू होणार नाही. असं नवं कलम आलं की ते वेगळ्या चर्मपत्राच्या पट्टीवर लिहायचं आणि विधेयकाच्या खालच्या कडेला दोऱ्याने शिवायचं. शिवणकामही माझ्याकडेच असतं. मी पट्टी कापली, रेघा आखल्या, लिहिली. जेमतेम वीतभर. एका माणसासाठी वीतभर चर्मपत्र. सुई ओवताना मला वाटलं, आणखी एक वीतभर लागेल फार तर. विनिफ्रेड, वय त्र्याहत्तर, गुडघे गेलेले, हिला यातलं काही लागू होणार नाही. मग माझंच मला नवल वाटलं, कारण चोवीस तास मी जे मनात येऊ देत नव्हतो ते सुई ओवताना शिरलं होतं. दवंडी दुसऱ्यांदा फिरली होती. शनिवारपर्यंत प्रत्येक पोपवाल्याने लंडनपासून दहा मैलांच्या पलीकडे जायचं. ज्यांना जाणं शक्य नाही अशा म्हाताऱ्याकोताऱ्यांना, आजाऱ्यांना परवाने मिळत होते, ते वर राजाच्या सल्लागार मंडळाकडून, आणि तिथवर शब्द टाकणारा कोणी असला तर. फेल्थमसाहेबांचे मेहुणे तिथेच होते. शब्द टाकणं म्हणजे त्यांच्यासमोर उभं राहून म्हणायचं, साहेब, माझ्या घरात एक पोपवाली आहे, एकावन्न वर्षं आहे. असं म्हणणारा कारकून या खोलीत किती दिवस बसेल याचा हिशेब मला येत होता. मी टाके घातले. बारीक, एकसारखे. विनीनेच शिकवले होते, लहानपणी, पायमोजे रफू करायला.

बुधवारी संध्याकाळी कॉन्स्टेबल आला. कॉन्स्टेबल म्हणजे कोणी परका नव्हे, समोरचा खोगिरं करणारा इझिकिएल स्टॅपल. यंदा गल्लीतून त्याची पाळी लागली होती आणि ती आपल्यावर का आली म्हणून तो वर्षभर कुरकुरत होता. त्याला घरोघर जाऊन पोपवाल्यांची यादी करायची होती. दारातच त्याने हॅट काढली, विस्तवाजवळ बसला, पाय लांब केले, आपल्या पाठदुखीचं सांगितलं. मग यादी काढली. घरमालकाने लिहून द्यायचं होतं की माझ्या छपराखाली कोणी पोपवाला नाही, आणि खोटं निघालं तर नोकरी गेलीच, शिवाय तुरुंग. कागद त्याने माझ्यासमोर सरकवला. दौत कोरडी होती. विनी आतून भरून घेऊन आली, माझ्या उजव्या हाताशी ठेवली आणि तिथेच उभी राहिली. मी सही केली. माझी सही फार देखणी आहे, सगळे म्हणतात.

स्टॅपलने कागदावर फुंकर मारली आणि विनीकडे न बघता म्हणाला, "टपरबाई पावाचं काहीतरी बोलत होती."

"म्हातारी झाली," मी म्हटलं. "हाताची सवय."

"मलाही ठाऊक आहे रे. माझी आई तेच करायची. पण माझी आई मेली, सुटली." तो उठला. "हे बघ लडलम, मला कोणाच्या पावात बोट घालायची हौस नाही. रविवारी हिला चर्चला आण. पाद्रीबाबांसमोर ती चार वाक्यं म्हणू दे, मी साक्षीदार होतो, विषय संपला. नाही म्हणाली तर मात्र मला लिहावं लागेल. तुझ्या या सहीसकट."

मी म्हटलं, आणतो. तो गेल्यावर विनीने त्याने बसताना सरकवलेली खुर्ची जागेवर लावली. मग समोर बसली, जे ती सहसा करत नाही, आणि म्हणाली, "कुठली वाक्यं?"

मी तिला म्हणून दाखवली. दोन दिवस तीच लिहीत होतो, एकही शब्द अडला नाही. पाव, देह, मरिया, संत, मिस्सा, मूर्तिपूजा. ती मान किंचित तिरकी करून ऐकत होती. लहानपणी मी तिला पाठ म्हणून दाखवायचो तेव्हाही ती अशीच बसायची. वाचता येत नसूनही चूक तिला बरोबर कळायची, माझ्या आवाजावरून. मी संपवलं तेव्हा तिने मान सरळ केली.

"छान म्हणतोस," म्हणाली. "अडखळला नाहीस कुठे."

"फक्त म्हणायचीत गं. मानायची कोण सांगतंय? अर्ध्या लंडनने म्हटलीत."

"अर्धं लंडन तुझ्यासारखं शिकलेलं आहे. म्हणणं एकीकडे, मानणं एकीकडे, तुम्हाला ठेवता येतं. माझं एकच आहे रे, आणि तेही जुनं. मी खोकले असते रविवारी. पण समोरचा स्टॅपल काही माझ्या खोकल्याने टळायचा नाही." तिने एप्रनवरचं पीठ चोळून काढलं. मग, बाजारातून काय आणायचं हे विचारावं तशा आवाजात, तिने विचारलं, "म्हाताऱ्यांना कागद देतात म्हणे. राहायचा. तुमच्या तिकडेच कोणीतरी?"

एकावन्न वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट होती. माझ्या हे तेव्हाच लक्षात आलं, नंतर नाही, म्हणून लिहून ठेवतो. मी म्हटलं, "विचारतो उद्या." ती म्हणाली, "बरं." आणि उठताना टेबलाचा आधार घेतला.

गुरुवार दुपारपर्यंत आमच्या खोलीत कोणाचं कामात लक्ष नव्हतं. पट्टी शिवलेलं विधेयक खालच्या सभागृहात गेलं होतं आणि तिथे राजाच्या भावाचा अपवाद ठेवायचा की फेटाळायचा यावर दोन धष्टपुष्ट सभासदांची बाहेर धक्काबुक्की झाल्याचं ऐकू आलं. संध्याकाळ व्हायच्या आत निकाल आला. अपवाद राहिला. दोन मतांनी. पुढे कोण राजा होईल, त्याच्या धर्मावरून काय रणं माजतील, यावर खोलीतले तरुण कारकून मोठमोठ्याने बोलत होते. मला त्यातलं काही पोचत नव्हतं. माझ्या डोक्यात नुसतं एवढंच होतं, की तीन माणसं त्या वेळी लघवीला बाहेर गेली असती तरी माझी पट्टी उसवावी लागली असती. फेल्थमसाहेब खुशीत आत आले. माझ्या मेजाशी थांबले, खांद्यावर हात ठेवला. वरपर्यंत पट्टीची तारीफ झाली होती. अक्षर बघून एका सरदाराने विचारलं होतं म्हणे, कोणाचा हात. "लडलम," ते म्हणाले, "तुम्ही कधी काही मागत नाही. आज मागा. आज मला नाही म्हणता यायचं नाही."

मी उभा राहिलो. तोंड उघडलं. आत वाक्य तयार होतं, सकाळपासून घोकलेलं. माझ्या घरी एक वृद्ध बाई आहे, इथून सुरुवात होती. पुढचा शब्द कुठला घ्यावा यावर मी सकाळभर अडलो होतो. नोकर म्हणावं, दाई म्हणावं, की आई म्हणावं? बाकीचे कारकून मान वर करून बघत होते. त्यांतल्या एकाने परवाच, आपल्या शेजाऱ्याला यादीत घातल्याचं सांगितलं होतं, चहाडी म्हणून नाही, हवापाण्याच्या गप्पांत सांगतात तसं. माझी बोटं गार पडली होती. मी त्यांच्याकडे बघितलं आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "साहेब, मेज जरा विस्तवाजवळ मिळालं तर बरं होईल. हिवाळ्यात बोटं वळत नाहीत." फेल्थमसाहेब मोठ्याने हसले. एवढंच? लगेच मिळेल, म्हणाले. मला हे सगळं अजून इतकं स्पष्ट ऐकू येतं की मी थकून जातो. त्यात दुष्टपणाही नव्हता, ज्याची निदान लाज तरी नीट वाटली असती. मला उबेला बसायचं होतं हे खरंच होतं.

घरी आलो तर विनीने विचारलं, "विचारलंस?"

"साहेब आले नव्हते आज," मी म्हटलं. "उद्या विचारतो."

ती माझ्याकडे बघत होती. आवाजावरून तिला चूक कळायची हे मी वर लिहिलंच आहे. तिने माझा कोट घेतला, झटकला, खुंटीला लावला. वाटाण्याचं सूप होतं. मी दोनदा घेतलं. झोपायला वर जाताना जिन्यापाशी मी म्हटलं, "उद्याच्या पावावर ती खूण नको करूस. काहीतरी दुसरं कर." म्हणाली, "नाही करणार." मग तिने जिन्यावर चढताना माझं कपाळ अंगठ्याने पुसल्यासारखं केलं. लहानपणी ताप आला की करायची तसं. चौपन्न वर्षांच्या माणसाने काय करावं अशा वेळी? मी उभा राहिलो.

शुक्रवारी मी निघालो तेव्हा ती पीठ मळत होती, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. मी दारातून म्हटलं, येतो. तिने मान हलवली, हात कणकेत होते. खोलीत माझं मेज खरोखरच विस्तवाजवळ सरकवलं होतं. बोटं छान चालत होती. दुपारपर्यंत मी अडीच पानं केली, एरवी दीड होतात. फेल्थमसाहेब दोनदा समोरून गेले. दुसऱ्यांदा मी म्हटलं, आता. पण तोवर ते पुढे गेले होते. काम लवकर संपलं म्हणून त्यांनी मला दोनलाच सोडलं.

घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. विस्तव नीट राख सारून झाकला होता. माझे सगळे पायमोजे रफू करून टेबलावर रांगेने ठेवले होते. वरच्या खोलीत तिच्या पलंगावर अंथरुणाची घडी होती, खुंटीवर झगा नव्हता, आणि भिंतीतल्या त्या फटीत, जिथे ती काहीतरी ठेवते हे मला या घरात आल्यापासून माहीत होतं आणि मी कधी बघितलं नव्हतं, आता काही नव्हतं. मी त्या फटीत बोट घातलं. आतली माती हाताला गुळगुळीत लागली. खाली आलो तर दारात टपरबाई उभी होती, फडक्यात गुंडाळलेला गरम पाव घेऊन. मंगळवारचं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

"घ्या," म्हणाली. "बघा, कुठे काय अडलं?"

मी विचारलं, खूण कसली होती.

"खूण कुठली, काहीच नव्हती. बिनखुणेचा एकच होता आज सगळ्या भट्टीत, म्हणून ओळखला. पण तुमच्या म्हातारीला सांगा, वरून छेद नाही दिला तर पाव बाजूने फुटतो. एवढं तर तिला ठाऊक असायला हवं." मग तिने जरा आत डोकावलं. "सकाळी देऊन गेली ती घाईतच होती. म्हटलं भाजून होईपर्यंत बस, गरम घेऊन जा, तर थांबली नाही."

ती गेली. मी पाव टेबलावर ठेवला. एका अंगाने तो फुटला होता, आतला पांढरा भाग बाहेर आला होता. लँकाशायर उत्तरेला. म्हणजे ती इझ्लिंग्टनवरून हायगेटच्या चढाला लागली असणार. सकाळी नऊला निघाली तरी त्या गुडघ्यांनी ताशी मैल झाला तर खूप. मी आत्ता निघालो तर दिवस मावळायच्या आत चढावरच तिला गाठली असती. हा विचार अगदी स्वच्छ आला. मी कोट घातला, हॅट घेतली, दार उघडलं. समोर स्टॅपल आपल्या दुकानाबाहेर खोगिराला तेल लावत बसला होता. मला बघून त्याने फडकं वर केलं.

"काय लडलम, रविवारचं नक्की ना?"

मी उंबऱ्यात उभा होतो. रस्ता रिकामा होता, डावीकडे वळलं की उत्तर. मी म्हटलं, "गावी गेली ती. बहिणीकडे." तिला बहीण आहे की नाही मला माहीत नाही.

स्टॅपल उठून रस्ता ओलांडून आला. त्याच्या चेहऱ्यावर खरंच सुटल्यासारखं दिसत होतं. वाईट माणूस नाही तो. माझ्या कोपराला तेलकट हात लावून हळूच म्हणाला, "चांगलं झालं. तूही सुटलास, मीही सुटलो. मला तरी कुठे लिहायचं होतं?" आणि माझ्या कोटाकडे बघून, "कुठे निघालास?"

"कुठे नाही," मी म्हटलं.

आत येऊन मी कोट काढला. खुंटीला लावला. सकाळपासून पोटात काही नव्हतं, आणि घरभर पावाचा वास सुटला होता. सुरी घेतली. क्रूस असायचा तेव्हा पाव हाताने चार भागांत सहज तुटायचा, हा कुठून धरावा कळेना. फुटलेल्या बाजूने कापायला लागलो. पाव उत्तम भाजला होता. मी उभ्यानेच खात होतो, लोणी लावायलाही थांबलो नाही, आणि अर्धा संपल्यावर कोपऱ्यातलं पिठाचं पिंप रिकामं दिसलं, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की घरातलं होतं नव्हतं ते पीठ तिने या एका पावात घातलं होतं, आणि तो भाजून यायच्या आधीच ती निघाली होती. म्हणजे उपाशीपोटीच.

मी उरलेला पाव तिला न्यायला म्हणून फडक्यात गुंडाळला. थोड्या वेळाने फडकं पुन्हा सोडलं आणि सुरी उचलली.